पुठ्ठ्याचा दवाखाना

चिंचपोकळीच्या चाळीसमोर पालिकेने क्षयाचा दवाखाना बांधायचं काढलं, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज दीपक घाडीचा होता. "गणपतीचा मंडप मग काय तुमच्या डोक्यावर घालू? वर रोग आणताय आमच्या दारात!" वॉर्ड ऑफिसात त्याने टेबलावर हात आपटला. मंडळाचे देखावे तोच उभारायचा. ती जागा त्याचा जीव की प्राण. साहेबांनी मुकाट्याने दवाखाना शीव कोळीवाड्याकडे हलवला आणि पोरांनी दीपकला खांद्यावर घेऊन नाचवलं. जणू क्षय दवाखान्याचा पत्ता विचारूनच यायचा होता!

वर्ष उलटलं नाही तोच त्याच्या बायकोला, मेघनाला, क्षय निघाला. औषधासाठी बसचे धक्के खात शीव गाठायचं. जरा बरं वाटल्यावर ती जायचा कंटाळा करू लागली, गोळ्यांत खंड पडला आणि दुखणं दुप्पट जोराने उलटलं.

त्या गणपतीत मंडळाने विषय घेतला, 'क्षयमुक्त मुंबई'. त्याच जागेवर दीपकने पुठ्ठ्याचा दवाखाना उभारला. खिडकी, बाकडं, पांढऱ्या कोटातला पुतळा, सगळं हुबेहूब.

स्पर्धेचे परीक्षक आले त्या संध्याकाळी मेघना बसमधून उतरून घरी निघाली होती. जिना चढायचं त्राण नव्हतं, म्हणून ती त्या बाकड्यावर टेकली आणि तोंडाला पदर लावून खोकत राहिली.

"वा! काय जिवंत काम करते ही बाई," परीक्षक म्हणाले. "कुठून आणलीत?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"इथलीच आहे," दीपक म्हणाला, आणि टाळ्या थांबेपर्यंत त्याने तिला उठवलं नाही.