अंगातल्या तिघी जावा

या, जवळ येऊन बसा. असं दारात उभं राहून, एक डोळा मोबाइलवर ठेवून ऐकायची या बाईची गोष्ट नाही.

आमच्या क्रांती चौकामागच्या गल्लीत तिला सगळे पाचोडची मावशी म्हणायचे. कुणीही आलं की चहा टाकायची; निम्मा पाहुण्याला, निम्मा स्वतःला. "एकट्यानं पिलेला घशाखाली उतरत नाय," म्हणायची. गल्लीतल्या बायांचा तिच्याकडं बसल्याशिवाय दिवस मावळत नसे.

मग तिचे पाय सुजले. तिनं काय करावं? मोठ्या मापाच्या चपला आणल्या. मी म्हटलं, "मावशी, दवाखान्यात चल." तर म्हणे, "पायाचं दुखणं हाय अक्का, एवढ्याला दवाखाना कशाला?"

पायाचं नव्हतंच ते. काळीज थकलं होतं, म्हणून पाणी पायात उतरत होतं. गोळीनं पाणी काढलं, तर किडनी कुरकुरायला लागली. गोळी कमी केली, तर पाणी फुप्फुसात चढलं. आडवं पडलं की दम लागायचा. शेवटी डॉक्टरनं पाणी बांधून दिलं. दिवसाला एक तांब्या, चहासुद्धा त्यातलाच.

"अंगात तिघी जावा नांदतात बघ," ती मला सांगायची. "एकीनं हंडा उतरवला की दुसरीच्या डोक्यावर. सासू मी, अन् माझंच कुणी ऐकंना."

हसायची, पण वैशाखात जीभ टाळूला चिकटायची. बाया आल्या की चहा व्हायचाच, आणि नुसतं बघत बसणं तिला जमेना. एक दिवस तिनंच सांगितलं, "येऊ नका गं आता. तुम्ही आलात की माझा तांब्या सरतो."

मुलगा शेंद्र्याला कंपनीत, सूनही नोकरीला. दार दिवसभर लोटलेलं.

पाणी मापात राहिलं. बोलणं तुटलं तसं जेवण तुटलं, मग झोप गेली, मग उठून बसायची ताकद गेली. रिपोर्ट सुधारला आणि बाई उतरत गेली.

एकदा न राहवून गेले. म्हटलं, "चहा नको, नुसतीच बसते."

"कोरड्या तोंडानं बसवू व्हय तुला?" म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं. माझ्याकडं परत वळली नाही. त्याच आठवड्यात गेली.

मलाही आता पाण्याची गोळी सुरू झालीय. पाणी अजून बांधलेलं नाही. तोवर चहाला येत जा.