सुभेदार आबांचं इन्शुलिन

लघवी तपासायला दोन चमचे पुरतात, हे मी सुभेदार आबांना कधीच पटवून देऊ शकलो नाही. ते रमची अख्खी बाटली काठोकाठ भरून आणत, माझ्या टेबलावर ठेवत आणि टाचा जुळवून म्हणत, "नमुना हाजिर हाय."

तेव्हा मी तासगावला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. साखर फार असली की रंग विटकरी होई. आबांचा कायम विटकरी. बाकावरच्या कुणाचा नुसता हिरवा आला, तर नव्या रंगरूटाकडे बघावं तसं आबा त्याच्याकडे बघत. फौजेतून पेन्शनवर आल्यापासून ते द्राक्षबाग करत आणि रोजचं इन्शुलिन हुकमासारखं घेत. "का म्हणून इचारायचं न्हाई, कवा तेवढं इचारायचं," असं ते म्हणत.

पुढे त्यांचे पाय सुजू लागले. मधुमेह मूत्रपिंडांपर्यंत पोचलाय, असं डॉक्टर म्हणाले. मीठ बंद झालं, लघवी होण्याची गोळी सुरू झाली. ती सकाळी घ्यायची आणि दुपारपर्यंत घर सोडायचं नाही, असं बजावलं होतं. आबांनी पहिलं तेवढं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी गोळी घेऊन ते धाकट्या मुलीच्या सोयरिकीसाठी सांगलीच्या एसटीत बसले. औषधं आणायला मीही त्याच गाडीत होतो. पहिल्यांदा गाडी थांबवली तेव्हा कंडक्टर नुसता कुरकुरला. दुसऱ्यांदा आबांनी सगळ्या पुरुषांना खाली उतरवलं आणि बांधाकडे तोंड करून ओळीत उभं केलं. "ज्याला लागली आसंल त्यानं हितंच उरकायचं. आता गाडी सांगलीपातुर थांबायची न्हाई." मैलभरावर त्यांनीच पुन्हा घंटीची दोरी ओढली. चौथ्या खेपेला ड्रायव्हरनं न सांगता बाभूळ बघून गाडी उभी केली. नंतर कळलं, नवऱ्यामुलाच्या आजोबांनाही तीच गोळी चालू होती. दोघे म्हातारे आळीपाळीनं परसात जात राहिले आणि लग्न ठरलं.

वर्षभरानं आबांना इन्शुलिननंतर साखर फार उतरून घाम फुटू लागला, हात कापू लागले. डॉक्टरांनी चाळीस युनिटांवरून वीस केलं, मग बारा. आबांनी साताऱ्याहून कंदी पेढे मागवले आणि रोग हटला म्हणून दवाखान्यात वाटले. बाकावर सगळे मधुमेहीच. त्यांनीही खाल्ले.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. मूत्रपिंडं थकली की इन्शुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून थोडंच पुरतं. हा उतार नव्हे, हे त्यांनी सावकाश समजावलं. मी पिचकारी धूत होतो. 

"ह्येच्यावर गोळी न्हाई?" आबांनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आबांनी दारातून बाकावरच्या मंडळींकडे बघितलं. मग म्हणाले, "भायेर सांगू नगासा. लय दिसांनी गोड खाल्लंय त्येनी."

शेवटच्या महिन्यात मी त्यांच्या घरी इंजेक्शन द्यायला जात असे. भरताना ते आकडा विचारत. मी "आठ" म्हणालो की बायकोकडे वळून सांगत, "बघ, आनखी उतरलं." काकी समाधानानं हसत. मीही मान डोलवायचो. आबांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं.