मागे सरत लावलेलं लॉन

शहापूरजवळ हायवेला लागून आमचं कॉलेज आहे. आजूबाजूला नवी कॉलेजं उघडली, आमचे प्रवेश घटले, म्हणून मागच्या वर्षी संस्थेनं काचेचं कॅन्टीन बांधलं, जिम उघडली. लॉन लावायला मात्र धानाची रोपं चिखलात लावणाऱ्या, रोवणीवाल्या बाया आणल्या.

त्यातली एक माझ्या लक्षात राहिली. पदर कमरेला खोचून ती गवताचे गड्डे रोवणीसारखेच लावायची. वाकून, ओळीनं, मागे मागे सरत. ठेकेदार ओरडला, "बाई, धान नाही हे!"

"मांगं सरलं तं लावलेल्यावर पाय पडत नाही," ती मान वर न करता म्हणाली.

सरत सरत ती माझ्या वर्गाच्या भिंतीला टेकली. कंबर धरून उभी राहिली आणि खिडकीतून आत पाहू लागली. रिकाम्या बाकांपुढे मी दोन मुलांना मराठी शिकवत होतो. शेजाऱ्याची बांधी, म्हणजे धानाचं वावर, न्याहाळावं तसं तिनं सगळं न्याहाळलं.

"सर, बाहेर आमी गवत लावून राहिलो," ती हळूच म्हणाली, "मंग ही बांधी काहून पडीत ठेवली?"



लॉन छान दाट आलं. माझा विषय यंदा बंद झाला. त्या वर्गात आता सेल्फी पॉइंट आहे.