त्या वर्षी गणपती तिघऱ्याला गेला

मुलांनो, तुम्ही इटलीहून पाठवलेला फोटो मी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. समुद्रकाठचे लहानसे गाव, खिडक्यांतून सोडलेली रंगीत कापडे, आणि फुलांनी मढवलेली कुठल्याशा संताची मूर्ती नावेत ठेवून माणसे समुद्रात निघाली आहेत. तुम्ही सगळे काठावर आइस्क्रीम खात उभे आहात. खाली लिहिले आहे, ‘आजी, हे अगदी आपल्या विसर्जनासारखं.’ तसे ते नाही. त्यांची मूर्ती संध्याकाळी वाजतगाजत परत देवळात येते, हे तुम्हीच पुढे लिहिले आहे. आपली येत नाही. आपल्याकडे परत येतो तो पाट, आणि त्यावर मूठभर माती.

मोठीने त्याच फोटोखाली विचारले की पुढच्या वर्षी ती तिकडे गणपती बसवणार आहे, तर घरची माती पाठवशील का. म्हणून हे आता लिहायला बसले. त्या मातीबरोबर एक गोष्ट येते, आणि ती ठाऊक असणारी मी एकटी उरले आहे. माझी धाकटी बहीण चैत्रात गेली.

आम्ही तेव्हा ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. आजोबा, बाबा, आई आणि आम्ही दोघी बहिणी. मी अकरा वर्षांची असेन. आजोबा संस्थानच्या पागेवर होते. घोड्यांची सगळी देखभाल त्यांच्याकडे. संस्थान विलीन झाले, फौज गेली, घोडे गेले, तेव्हापासून ते रोज सकाळी फूलबागेला फेरी मारून येत आणि उरलेला दिवस खिडकीशी बसत. बाबा सरकारी दफ्तरात होते. मध्यभारत राज्य झाल्यापासून ते दफ्तर उन्हाळ्यात इंदूरला जायचे आणि पुढे परत यायचे. बाबा जायचे, बाबा यायचे. गेलेले दफ्तर परत येते, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होऊन बसली होती.

त्या वर्षी मात्र नवीन राज्य होणार होते आणि राजधानी भोपाळला जाणार होती. हे जाणे परत येण्याचे नव्हते. आमच्या गल्लीतली दोन बिऱ्हाडे श्रावणातच हलली. घरात एकच प्रश्न होता: आजोबा आमच्याबरोबर येणार की एकटे मागे राहणार. बाबांनी विषय काढला की आजोबा काठी घेऊन फूलबागेला निघून जात, मग दुपारची टळटळीत वेळ असली तरी. एकदाच ते म्हणाले होते की एका राज्याचे दफन पाहिले, दुसऱ्याच्या बारशाला जायची हौस नाही. बाबा त्यावर हसले. आई हसली नव्हती.

आता गणपतीचे सांगते. आमच्याकडे मूर्ती विकत आणायची पद्धत नव्हती. आजोबा स्वतः चिकणमातीची मूर्ती करीत आणि तिच्यात गेल्या वर्षीच्या विसर्जनाहून आणलेली मूठभर माती मिसळत. या वर्षीच्या गणपतीत गेल्या वर्षीचा थोडासा, त्यात त्याच्या आदल्या वर्षीचा, असे ते मागे मागे दख्खनेतल्या कुठल्याशा नदीपर्यंत जात होते म्हणे. विसर्जनाला मूर्ती पाटावर घेऊन घरातला कर्ता पुरुष पाण्यात उतरायचा, तळाची माती त्याच पाटावर काढायचा, आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत एक शब्द न बोलता आणायचा. उंबऱ्यावर आई पाट उतरवून घ्यायची. दर वर्षी हे गावातल्या सागरतालावर व्हायचे आणि कर्ते अर्थातच आजोबा.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बाबांनी जाहीर केले की यंदा विसर्जन तिघऱ्याच्या बंधाऱ्यावर करायचे, सगळ्यांनी मिळून, दिवसभराची सहल. एका सहकाऱ्याची मोटर ड्रायव्हरसकट मिळाली होती. माझे बाबा सुट्टीच्या दिवशीही दफ्तरचे कागद घेऊन बसणारे. त्यांनी सहल काढावी, हे ऐकून धाकटी आनंदाने गच्चीभर नाचली. आईने मात्र विचारले, सागरतालात काय कमी पडले. बाबा म्हणाले, “घरात आप्पा ऐकून घेत नाहीत. तिथे काठी घेऊन कुठे जाणार?”

म्हणजे सहल कशासाठी होती ते आईला आणि दाराआड उभ्या असलेल्या मला आधीच कळले होते.

निघालो तेव्हा आभाळ भरलेले होते पण पाऊस नव्हता. आजोबा पुढे ड्रायव्हरजवळ, मांडीवर पाट, पाटावर गणपती. मागे आम्ही, पायाशी वाटल्या डाळीचा डबा, दहीपोहे आणि सतरंजी. बाबा विलक्षण खुशीत होते. वाटेत मोटर थांबवून त्यांनी सगळ्यांना भाजलेले भुट्टे घेतले, ड्रायव्हरलासुद्धा. ड्रायव्हर भला माणूस होता. गप्पा करायच्या म्हणून म्हणाला, “साहब तो दशहरे तक भोपाल पहुँच जाएँगे। मोटर यहीं बेच रहे हैं। बाबूजी, आप लोग कब?” आजोबांनी आपला भुट्टा न खाता आईकडे मागे दिला.

तिघरा दिसला तेव्हा धाकटी ओरडली, “आई, ये तो समुद्र है!” ती शाळेतून हिंदी घेऊन यायची आणि घरात सांडायची. आम्ही कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे तिला खोटे कोण पाडणार. पावसाळ्याअखेरचे पाणी काठोकाठ होते, आभाळाच्याच रंगाचे, आणि पलीकडच्या टेकड्या त्यात बुडाल्यासारख्या दिसत होत्या. सणाचा दिवस असूनही माणूस नव्हता. गावात ढोल, गुलाल, गर्दी. इथे नुसता दगडी भिंतीवर पाणी आपटल्याचा आवाज. चौकीदार येऊन सांगून गेला की पांढऱ्या दगडापुढे उतरू नका, पाणी एकदम खोल आहे.

आजोबा बराच वेळ भिंतीकडे पाहत उभे होते. ही भिंत त्यांच्या तरुणपणी एकदा फुटली होती. पागेची माणसे तेव्हा खालच्या गावांकडे पाठवली होती, त्यांत ते होते. काय पाहिले ते त्यांनी आम्हांला कधीच सांगितले नाही. त्या दिवशी एवढेच म्हणाले की आदल्या संध्याकाळपर्यंत सगळे म्हणत होते, भिंत मजबूत आहे.

सतरंजी अंथरली, आईने पाने वाढली, आणि बाबांनी विषय काढला. तिकडे सरकारी क्वार्टर मिळणार आहे, पुढे अंगण आहे, तुम्हाला खिडकीची खोली देतो, सकाळच्या फेरीला मोठे तळे आहे. आजोबा जेवत राहिले. दहीपोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. बाबांचे बोलणे संपल्यावर त्यांनी हात धुतले, उपरण्याला पुसले आणि म्हणाले, “चला, आरती करू.”

आरती झाली. बाबांचा चेहरा पडलेला होता. आजोबांनी मूर्तीचा पाट उचलला, पाण्याकडे चार पावले गेले, आणि वळून त्यांनी तो बाबांच्या हातांत दिला.

“आज तू.”

बाबा गोंधळले, मग एकदम उजळले. मी त्यांना असे उजळलेले फार थोड्या वेळा पाहिले आहे. त्यांच्या मनात काय आले ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते: आप्पांनी हट्ट सोडला. कर्तेपण मुलाला दिले, म्हणजे मुलगा नेईल तिथे येणार.

आई मात्र उठून उभी राहिली. ती सासऱ्यांसमोर मान वर करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

“मामंजी, पाट तुम्हीच घ्या.”

आजोबा तिच्याकडे न पाहता म्हणाले, “सूनबाई, तुला ठाऊक आहे. म्हणूनच बोलू नकोस.”

बाबांचे लक्षच नव्हते. ते पाण्यात उतरले होते. त्यांना पांढऱ्या दगडाचा अंदाज आला नाही, एकदम कमरेच्या वर गेले, आणि मूर्ती ठेवायच्या ऐवजी हातातून निसटलीच. बुडताना तिचे तोंड आमच्याकडे होते. ते खाली वाकून माती काढू लागले तेव्हा आजोबा काठावर एका जागी खिळून उभे होते, आणि मूर्तीवरचा हार हळूहळू तरंगत त्यांच्या पायांशी येऊन लागला. त्यांनी तो काठीने परत आत ढकलला. तो पुन्हा आला.

भांडी आवरताना मी आईला विचारले की तुला काय ठाऊक आहे. ती डब्याचे झाकण लावत हलक्या आवाजात म्हणाली, “तुझी आजी सांगायची. या घरात पाट जो देतो, तो पुढच्या गणपतीपुढे बसत नाही.” आजोबांच्या वडिलांनी पाट दिला होता ते माघात गेले. त्यांच्या वडिलांचेही तसेच. हे बायकांमधले बोलणे. सासूने सुनेला सांगायचे. बाबांना कोणी सांगितलेच नव्हते, आणि सांगितले असते तर कायदा शिकलेले माझे बाबा हसले असते.

परतीच्या वाटेत पाट बाबांच्या मांडीवर होता, त्यावर काळी ओली माती. उंबऱ्यापर्यंत बोलायचे नसते. बाबा आयुष्यभर आजोबांना तोंड मिटून माती आणताना पाहत आले होते, पण पाट कधी हातात नव्हता, आणि त्या दिवशी आनंद पोटात मावत नव्हता. ते बोलतच राहिले. भोपाळच्या अंगणात कोणती झाडे लावायची, आजोबांसाठी आरामखुर्ची कुठे ठेवायची. आईने एकदा त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांना वाटले, थंडी वाजते का विचारते आहे. आजोबा पुढे बसून काचेतून रस्ता पाहत होते. त्यांनी मुलाला एकदाही थांबवले नाही. धाकटी माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि मी सबंध रस्ता आजोबांची मान पाहत होते, हलते आहे की नाही ते.

दिवाळीच्या सुमारास ट्रक आला. आजोबांची ट्रंक बाबांनी स्वतः भरून पहिल्यांदा चढवली. आजोबा खिडकीशी बसून होते, कोट घातलेला नव्हता. बाबा म्हणाले, “आप्पा, उशीर होतो आहे.”

“माझी ट्रंक उतरव.”

“अहो, पण पाट दिलात ना तुम्ही?”

“दिला. तू जाणार म्हणून दिला. मी येणार म्हणून नाही.”

बाबा त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. खाली ट्रकवाला हाका मारत होता. मला वाटले बाबा आता रागावतील, पण ते लहान मुलासारखे म्हणाले, “मग तुमच्यापुढे गणपती कुठला?” आजोबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितले की एका घराचा गणपती दोन ठिकाणी बसत नाही, तो आता तुझ्याकडे. मग त्यांनी मला बजावले की मातीचा डबा ट्रकमध्ये ठेवू नकोस, हातात धर. भोपाळपर्यंत तो डबा माझ्या मांडीवर होता.

आजोबा त्याच घराच्या मागच्या एका खोलीत राहिले. जेवण खालच्या घरमालकांकडे. पुढच्या चतुर्थीला बाबांनी भोपाळात पहिली मूर्ती केली; सोंड इतकी वाकडी झाली की आम्ही दोघी हसलो, आणि आई देवघरात जाऊन रडली. आजीचे म्हणणे खरे झाले होते, फक्त आम्ही घाबरलो होतो तसे नाही. आजोबा जिवंत होते, धडधाकट होते, आणि गणपतीपुढे नव्हते. घरमालकीणबाईंनी पुढे सांगितले की त्या दिवशी त्यांनी आरतीला बोलावले तर आजोबा गेले नाहीत, फूलबागेला निघून गेले आणि आरत्या आटोपल्यावरच परतले.

त्यानंतर ते काही वर्षे होते. हिवाळ्यात भोपाळला यायचे, अंगणात उन्हाला बसायचे, मातीचा डबा उघडून बोटाने ओल बघायचे. भाद्रपदाच्या फार आधी निघून जायचे. बाबांनी एकदा जबरदस्तीने तिकीट रद्द करवले, तर आजोबा सामान न घेता स्टेशनवर चालत गेले. शेवटी ते ग्वाल्हेरलाच वारले, पावसाळ्यात.

माझे लग्न होऊन मी पुन्हा ग्वाल्हेरला आले. बाबांना मुलगा नव्हता. ते सत्तरीत असताना एका विसर्जनाला त्यांनी पाट माझ्या हातात दिला. तोवर त्यांना सगळे ठाऊक झालेले होते. मी घ्यायला तयार नव्हते. आई शेजारी उभी होती. या वेळी ती काही बोलली नाही. मी उंबऱ्यापर्यंत तोंड उघडले नाही. पुढच्या चतुर्थीला बाबा नव्हते.

या सगळ्यावर विश्वास ठेवा असे मी सांगत नाही. मी स्वतः किती ठेवते ते मला नीट सांगता येत नाही. मोठीला माती हवी आहे, तर तिची आई दिवाळीनंतर तिकडे येईल तिच्याबरोबर एक पुडी देते. तिकडच्या मातीत ती मिसळावी. सोंड वाकडी झाली तरी चालते.

बाकीची माती डब्यात आहे, ओल धरून आहे. पाट माझ्याकडे आहे.