सिंकखालचा जोड

बाबांनी पुण्यात पाणीपुरवठ्यात फिटर म्हणून सगळी नोकरी काढली. आई गेल्यावर, २०१५ साली, मी त्यांना ऑकलंडला, अवोन्डेलच्या घरी घेऊन आले. इथं त्यांना काही कामच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरातले सगळे नळ तपासले. एकही गळत नव्हता. मग ते खिडकीपाशी बसायला लागले.

शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्या राहायच्या. नवऱ्याच्या माघारी त्याची कॅरॅव्हॅन, गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकायची त्यांनी ठरवली होती. पण तिच्यातल्या सिंकखालचा पंप बिघडला होता, आणि गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नव्हतं. एका शनिवारी त्या कुंपणाशी आल्या. "तुझे वडील पाण्याचंच काम करायचे ना?"

मी बाबांना सांगितलं. ते उठले, सदरा बदलला आणि पुण्याहून आणलेला पाना घेऊन निघाले.

त्यांनी पंपाची वीज बंद केली, नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दिलं आणि सिंकखाली आडवे झाले. मी टॉर्च धरला. पाइप प्लास्टिकचा, जोडही प्लास्टिकचा. बाबांनी आटे शोधले. दिसले नाहीत, तरी सवयीनं पाना लावून पिळलं. कट्‌ असा आवाज झाला आणि जोड तडकला.

बाबांनी तडकलेल्या जोडावरून अंगठा फिरवला. मग बाहेर येऊन म्हणाले, "त्यांना सॉरी म्हण. मला आता येत नाही हे." आणि ते घरी गेले. दुपारी जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाई दारात आल्या. हातात नवा जोड आणि पाइपाचा एक तुकडा होता. "माझ्या नवऱ्यानंही पहिला असाच तोडला होता," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना."

मी सांगितलं. बाबा खुर्चीवर सरळ बसले. बाईंनी टेबलावरच तुकडा जोडात घातला आणि ओढून दाखवला. निघाला नाही. मग बाबांचा अंगठा धरून जोडाच्या तोंडाशी असलेल्या कड्यावर ठेवला. पाइप आधी थोडा आत सारायचा, कडं सगळीकडून सारखं दाबून धरायचं आणि मग ओढायचं. पाइप अलगद हातात आला. बाबांनी तो पुन्हा घातला, पुन्हा काढला. असं किती वेळा केलं कोण जाणे.

त्या दुपारी बाबांनी जुना पंप सोडवला आणि बाईंनी आणून ठेवलेला नवा बसवला. पाइपाचं ओरखडलेलं टोक त्यांनी कापून टाकलं, काटकोनात, कड घासून. ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. जोडाखाली कोरडा कागद ठेवून ते अर्धा तास बघत बसले. कागद कोरडाच राहिला.

पंधरा दिवसांनी एक जोडपं कॅरॅव्हॅन घेऊन गेलं. तिच्या जागी पिवळं पडलेलं गवत होतं. बाई तिथंच उभ्या होत्या. बाबा कुंपणापलीकडे गेले आणि मराठीतच म्हणाले, "माझीही गेली. गेल्या वर्षी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, "काय नाव होतं?"

बाबांनी आईचं नाव सांगितलं. उभ्या आयुष्यात त्यांनी ते माझ्यासमोर घेतलं नव्हतं. बाईंना उच्चार जमला नाही. बाबांनी तो सावकाश, दोनदा दुरुस्त केला.