आधी अंगणात, मग रेडिओवर

मंगलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीच्या स्टँडवर होते. एसटी आली, गेली... मी तिथेच उभी. आता महिना उलटला. त्यांच्यावर मी लिहावं का, अजून कळत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, आणि आमच्या छोट्या रेडिओ केंद्रात माईक धरायला मला त्यांनीच शिकवलं. म्हणून धीर करते.

ताईंचा एक नियम होता. पाड्यावर रेकॉर्ड केलेलं बोलणं रेडिओवर लावण्याआधी त्याच माणसाला, त्याच्याच अंगणात ऐकवायचं. नको म्हणालं तर समोरच पुसायचं.

माझी पहिली बातमी जसूबाईची. घोलवडच्या वाड्यांत चिकू तोडायला बायकांना नेणाऱ्या टेम्पोचा मागचा फाळका मोडला होता. वळणावर एक बाई पडता पडता वाचली, तरी मुकादम दाद देईना. जसूबाई माझ्याजवळ धडाधड बोलली. संध्याकाळी ते लागणार होतं. दुपारी ताई मला घेऊन तिच्या अंगणात गेल्या. शेजारणी जमल्या. स्वतःचा आवाज ऐकून जसूबाईने पदर तोंडाला लावला.

"नाव नाय ना घातलंस?"

"नाही घातलं," मी म्हणाले.

"नावाला काय करते? मुकादम आवाज वळखतो माझा. रोज शिव्या घालते मी त्याला!"

बायका हसल्या. ती हसली नाही. "उद्या गाडीत नाय घेतलं तर चुलीवर काय ठेवू?"

"पुसू?" ताईंनी शांतपणे विचारलं. त्यांचं बोट बटणावर होतं. तेवढ्यात मागून तिची जाऊ म्हणाली, "थांबा बाय. हेच मीपण बोलते. माझं घ्या."

"मग माझं का नको?" दुसरी उठली. एकीमागून एक सगळ्या बोलल्या. "काढू दे आता कोणाला काढतो ते. चिकू काय त्याची बायको तोडणार?"

ताईंनी पुन्हा जसूबाईलाच विचारलं, "तुझं ठेवू?"

"ठेव. मधी घाल कुठंतरी."

संध्याकाळी सगळ्यांचं बोलणं रेडिओवर लागलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही. त्यानंतरच्या सकाळीही नाही. मी फोनवर रडले. "माझ्याकडे नको रडूस, पाड्यावर ये," ताई म्हणाल्या. त्या आधीच तिथे, बायकांबरोबर रस्त्यावर उभ्या होत्या. अखेर चिकू झाडावरच नरम पडू लागले, तेव्हा टेम्पो आला. नव्या फाळक्याचा.

गेल्या आठवड्यात नरपडला मासे सुकवणाऱ्या एका काकूंना त्यांचंच बोलणं ऐकवलं. इतकं चांगलं रेकॉर्डिंग मी आजवर केलं नव्हतं.

"नको गं पोरी. हे ऐकलं तर मुलगा घरी यायचा बंद होईल."

शेजारून कोणी पुढे आलं नाही. मी थोडं थांबले... मग त्यांच्यासमोर पुसलं. काकूंनी आत जाऊन चहा टाकला.