मालूच्या वाडग्यातले पाच जीव

“मालू गेली,” एवढंच सुरेशदादा फोनवर म्हणाले. तिचे थोरले भाऊ. मी गच्चीवर आमसुलं वाळत घालत होते... हात लालभडक, फोन कानाशी कसाबसा धरलेला. आजार ठाऊक होता, तरी त्या दिवशी तयारी नव्हती. त्याला महिना झाला.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवलं. मी मराठी, ती प्राणिशास्त्र. संगमेश्वराकडच्या एका वहाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, दगडाखालून तिने नखाएवढे चपटे कृमी आणले होते, ते निवृत्तीनंतरही घरी काचेच्या वाडग्यात सांभाळले. मला आधी शिसारी यायची. मग तिने एकदा भिंग हातात दिलं. कृमीने शेपटीकडचा भाग तळाला घट्ट धरला होता आणि पुढचा भाग पुढे ओढत होता. ओढता ओढता तो मधोमध तुटला! आठ-दहा दिवसांत डोक्याला शेपूट आली आणि शेपटीला डोकं, दोन डोळ्यांसकट.

उपचारांसाठी ती मुंबईला गेली तेव्हा वाडगा माझ्याकडे होता. मायेपोटी मी उकडलेल्या अंड्याचा बलक जास्त घातला, पाणी नासलं आणि सगळे मेले. एक उरला, तोही अर्धा. ती परतली त्या संध्याकाळी मी रडतच सांगितलं. तिने भिंग काढून वाडग्यात पाहिलं.

“एक आहे ना गो? मग पुष्कळ झालं.”

पावसाळा संपेतो वाडगा भरला. सगळे त्या एकाचेच तुकडे.

पण तिला अंडी हवी होती. “प्रत्येकात नर-मादी दोन्ही असतात, तरी जोडीदार लागतोच,” ती सांगायची. “उबेत हे नुसते तुटतात. गारवा मिळाला तर कदाचित जोडी जमवतील.” गेल्या थंडीत तिने वाडग्याला ओलं फडकं गुंडाळून तो न्हाणीच्या फरशीवर ठेवला. तेव्हा तिला धड बसवतही नव्हतं. जानेवारीत काचेला अंड्यांचा मोहरीएवढा तपकिरी कोश चिकटलेला दिसला.

“तुटून वाढलेल्यांचे कोश बहुधा पोकळ निघतात. आशा धरू नकोस हां,” तिने मला बजावलं, आणि स्वतः रोज भिंग घेऊन बसली. अठराव्या दिवशी सकाळी तिचा फोन, “ये आधी!” धावत गेले. पाण्यात पाच पांढरे धागे सरकत होते.

“हे तुकडे नव्हेत गो,” ती म्हणाली. “हे आधी नव्हतेच कुठे.” माझा हात तिने किती तरी वेळ सोडला नाही.

परवा तिच्या घरी गेले. वाडगा मी पंधरा दिवसांपूर्वीच माझ्याकडे आणलाय, पाचही वाढताहेत. तिच्या खोलीत भरदुपारी काळोख होता. त्या कृमींना उजेड सोसत नाही, म्हणून ती खिडक्या लावून घ्यायची, दिवाही लावू द्यायची नाही; खिडक्या अजून तशाच बंद होत्या. सुरेशदादा चाचपडत आले, खुर्ची शोधून बसले.

“दादा, आता लावा की दिवा.”

“लावतो,” ते हळूच म्हणाले. आणि तसेच बसून राहिले.